सोलरचा गरम पाण्याचा पाईप बाहेरून येतो ना? मग त्याला फोम आणि बॉक्स असा करा

दिवाळी झाली की हा प्रश्न दरवर्षी येतो. गच्चीवर सोलर आहे, टाकीत पाणी हात लावता येणार नाही इतकं गरम आहे, आणि खाली बाथरूममध्ये मात्र अर्धी बादली गार पाणी सोडल्याशिवाय गरम येत नाही. पुण्या-नाशकाकडच्या बहुतेक बंगल्यांत आणि रो हाऊसमध्ये सोलर नंतर बसवलेला असतो, त्यामुळे पाईप भिंतीच्या आतून न येता गच्चीवरून कठडा ओलांडून बाहेरच्या भिंतीने खाली येतो आणि तो पूर्ण उघडा असतो. कोणीतरी सांगतं काळा फोम लावा, प्लंबर लावूनही देतो, आणि दोन उन्हाळ्यांत त्या फोमच्या चिंध्या होऊन लोंबायला लागतात. तुमच्याच गल्लीत जरा वर बघत चाला, लगेच दिसेल.

तर माझं म्हणणं आधीच सांगते. फोम किती जाड लावला यापेक्षा त्याच्यावर झाकण काय घातलं हे जास्त महत्त्वाचं आहे. उन्हात उघडा राहिलेला फोम टिकत नाही, मग तो कितीही महागाचा आणा. म्हणून हे काम करायचं तर फोम आणि बॉक्स दोन्ही मिळून एकच काम समजून करा, फोम यंदा आणि बॉक्स पुढच्या वर्षी असं करू नका.

आधी हेही समजून घ्या की फोमने काय होतं आणि काय होत नाही, कारण बऱ्याच जणांची अपेक्षाच चुकीची असते. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा प्लास्टिकचा) पाईपात एका मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, एक इंचीत ते ४०० मिलीच्या वर जातं. म्हणजे सोलरपासून नळापर्यंत २० मीटर पाईप असेल तर पाऊण इंचीत ५ लिटर आणि एक इंचीत साडेआठ लिटर पाणी नुसतं पाईपात उभं असतं. रात्रभर उभं राहिलेलं हे पाणी फोम लावला तरी सकाळपर्यंत गार होणारच, त्यामुळे सकाळचं पहिलं पाणी गारच येणार, हे कोणी दुकानदार सांगत नाही म्हणून मी सांगतेय. फायदा होतो तो एका आंघोळीपासून दुसऱ्या आंघोळीपर्यंतच्या वेळात. बाहेर २० डिग्री आहे आणि पाईपात ६० डिग्रीचं पाणी आहे असं धरा, उघड्या पाईपात अर्ध्या तासात ते तिशीच्या आसपास येतं, आणि १३ मिमी फोम असेल तर त्याच अर्ध्या तासात ते पंचेचाळीसच्या वरच राहतं. घरात चार माणसं एकामागोमाग अर्ध्या-अर्ध्या तासाने आंघोळीला जात असतील तर प्रत्येक वेळी वाया जाणारं पाणी वाचतं, आणि नळ चालू असताना वाटेतच जी उष्णता जाते तीही बरीच कमी होते. पहिली गार बादली कमी करायची असेल तर त्याचा उपाय म्हणजे पाईपाची लांबी कमी करणं, किंवा एकाच बाथरूमसाठी उगाच एक इंची लाईन टाकली असेल तर ती पाऊण इंची करणं. हे नवीन लाईन टाकतानाच बघा.

आता फोम कुठला. एसीच्या सामानाच्या दुकानात काळ्या नायट्राईल रबर फोमच्या नळ्या मिळतात, त्याच घ्या. साधारण सहा फुटाचा एक तुकडा असतो आणि जाडी ६, ९, १३, १९, २५ मिमी अशी येते. गरम पाण्याला १३ पुरे आहे, जागा असेल तर १९ घ्या, ६ आणि ९ घेण्यात अर्थ नाही. पांढरा पातळ ईपीई फोम, जो टीव्हीच्या खोक्यात येतो तसा, तो सोलरच्या लाईनला घेऊ नका, टाकीजवळ तापमान फार वर जातं आणि तो आकसतो. ग्लासवूल बाहेर नकोच. त्यात एकदा पावसाचं पाणी गेलं की ते ओल्या गोधडीसारखं पाईपाला चिकटून बसतं आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप असेल तर तो त्या ओलीखाली गंजायला लागतो.

माप घेताना इथे हमखास गोंधळ होतो म्हणून नीट वाचा. फोमची नळी पाईपाच्या बाहेरच्या व्यासावर घ्यायची असते, आणि पाऊण इंची म्हणजे सगळ्या पाईपांचा व्यास सारखा नसतो. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२ मिमी, पाऊण इंची जीआयचा जवळपास २७, एक इंची सीपीव्हीसीचा साडेअठ्ठावीस, एक इंची जीआयचा जवळपास ३४. त्यामुळे दुकानात "पाऊण इंची द्या" म्हणू नका, व्हर्नियरने नाहीतर पाईपाभोवती दोरा गुंडाळून माप घ्या (दोऱ्याची लांबी भागिले ३.१४) आणि मिलीमीटरमध्ये मागा. सैल नळी घेतली तर पाईप आणि फोमच्या मध्ये हवा वाहते आणि बराच फायदा तिथेच जातो. घट्ट घेतली तर ती बसवायला चिरलेली फट मिटत नाही, आणि ओढून चिकटवलेली फट उन्हात परत उघडते.

झाकायच्या आधीची कामं

फोम लावायच्या आधी लाईन तपासा. सगळे नळ बंद करून लाईन भरलेली ठेवा आणि पूर्ण एक दिवस प्रत्येक जॉइंट कोरड्या कापडाने पुसून पुसून बघा. एकदा फोम आणि बॉक्स आला की बारीक गळती महिनोन्‌महिने कळत नाही, भिंतीला आतून ओल आल्यावरच कळते. शंका आलेला एल्बो किंवा टी बदलून टाका, त्यावर एम सील थापून पुढे जाऊ नका.

दुसरं म्हणजे क्लॅम्प. सीपीव्हीसी तापला की लांब होतो, आणि तो चांगलाच होतो. १० मीटर सरळ पाईप ४० डिग्रीने तापला तर साधारण २५ मिमी, म्हणजे एक इंच वाढतो. जीआय तेवढ्यात फक्त ५ मिमी वाढतो. प्लंबरने सगळे क्लॅम्प करकचून आवळलेले असतील तर ही वाढ एल्बोवर येते आणि मग एल्बो तडकतो, आणि लोक पाईपाच्या कंपनीला दोष देतात. क्लॅम्प पाईपाला धरून ठेवणारे पण सरकू देणारे हवेत. आडव्या लाईनीला साधारण तीन फुटांवर एक. लांब सरळ उतार असेल तर मध्ये एखादं वळण ठेवलेलं चांगलं. पाईप भिंतीला टेकून असेल तर तोही सुटा करा, कारण सगळीकडून फोम बसायला निदान पाऊण इंच जागा मागे पाहिजे. उंच स्पेसरचे क्लॅम्प मिळतात ते लावा.

आणि टाकीच्या अगदी जवळचा तुकडा बघा. ट्यूबवाल्या सोलरमध्ये उन्हाळ्यात पाणी वापरलं नाही तर टाकीतलं पाणी ९० च्या वर सहज जातं, आणि सीपीव्हीसी एवढ्या तापमानाला नरम पडायला लागतो. त्यामुळे टाकीतून निघणारे पहिले तीन-चार फूट जीआय किंवा तांब्याचे असावेत आणि त्यापुढे सीपीव्हीसी. तसं नसेल तर फोम लावायच्या आधीच बदलून घ्या.

फोम लावणं

पाईप पुसून कोरडा करा, आणि सोलरची लाईन वरच्या व्हॉल्व्हने बंद करून पाईप गार होऊ द्या. नवीन लाईन टाकत असाल तर नळी जोडणीआधीच सरकवून घ्या, मग चिरायची गरजच नाही. जुन्या लाईनीला नळी लांबीने चिरावी लागते, त्यासाठी नवं धारदार ब्लेड घ्या आणि एका दमात सरळ चिरा. चिरलेल्या दोन्ही कडांना रबर अॅडेसिव्ह लावा, हार्डवेअरच्या दुकानात एसआर म्हणून मागितलं की देतात. लावून लगेच चिकटवायचं नाही, पाच-दहा मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर तार येईनाशी झाली की दाबायचं. आधी दोन टोकं, मग मध्य, मग उरलेलं. मध्येच ओढून ताणून बसवू नका. लाईन दुसऱ्या दिवसापर्यंत गारच ठेवा.

अॅडेसिव्ह फक्त फोमच्या कडांना लावायचं, सीपीव्हीसी पाईपाला लागू द्यायचं नाही, कारण त्यातलं सॉल्व्हंट पाईप कमजोर करतं. आणि वायरिंगची काळी टेप सीपीव्हीसीवर थेट गुंडाळायची नाही. ती टेप मऊ राहावी म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते हळूहळू पाईपात उतरतं आणि कालांतराने बारीक चिरा पडतात. हे फार प्लंबरना माहीत नसतं, तुम्ही उभं राहून सांगा.

वळणावर नळी नुसती वाकवली तर आतल्या बाजूला चुरगळते आणि बाहेरच्या बाजूला पातळ होते. दोन तुकडे ४५ अंशात कापून काटकोनात चिकटवा, सुताराने फ्रेमचा कोपरा जुळवावा तसं. व्हॉल्व्ह आणि युनियनवर (खोलता येणाऱ्या जोडावर) मात्र चिकटवू नका, तिथे सुटा तुकडा घालून झिप टाय लावा म्हणजे उद्या उघडता येईल. चिरलेली फट उभ्या पाईपाला भिंतीकडे आणि आडव्या पाईपाला खाली ठेवायची. क्लॅम्पवरही फोम तुटू देऊ नका, नाहीतर त्याच जागेतून उष्णता बाहेर जाते. मोठ्या मापाचा क्लॅम्प घेऊन तो फोमच्या वरून, पण फोम दबणार नाही इतपतच धरा, आणि त्याखाली पत्र्याचा अर्धगोल तुकडा ठेवा.

झाकण: तीन मार्ग

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते एकट्या पाईपासाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पीव्हीसी पाईपाची बाही. २२ मिमीचा पाईप आणि दोन्ही बाजूंनी १३ मिमी फोम, म्हणजे ४८ मिमी झालं, त्यावर ६३ मिमीचा पीव्हीसी पाईप आरामात बसतो. १९ मिमी फोम असेल तर ६० होतात, मग ७५ चा घ्या. पाईप ग्राइंडरने लांबीने एकाच बाजूने चिरायचा, फाकवून फोमवर चढवायचा, चीर भिंतीकडे. वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर दोन इंच चढला पाहिजे, म्हणजे पाणी बाहेरून ओघळून जातं. वर एक्स्टिरियर पेंट मारा, भिंतीच्याच रंगाचा मारला तर लांबून दिसतही नाही. गच्चीवरच्या आडव्या तुकड्यालाही हाच मार्ग, आणि तो तुकडा विसरू नका, कारण सगळ्यात जास्त ऊन तोच खातो आणि पायही त्यावरच पडतात. तिथे पाईप सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर उचलून ठेवा. चायना मोझॅकला किंवा कोब्याला भोक पाडून क्लॅम्प मारू नका, एका भोकापायी अख्खं वॉटरप्रूफिंग बिघडतं.

दुसरा मार्ग अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं क्लॅडिंग, २६ किंवा २४ गेजचं. काम चोख होतं पण पत्रेवाला चांगला लागतो आणि कडा हाताला कापतात, मुलं खेळतात त्या उंचीवर नको.

तिसरा मार्ग बॉक्स. दोन-तीन लाईनी शेजारी-शेजारी उतरत असतील तर बॉक्सच शोभतो. यावर जरा सविस्तर लिहिते कारण चुका इथेच होतात.

प्लायचा बॉक्स बाहेर करू नका, मरीन प्लायसुद्धा नको, आपल्या पावसात दोन-तीन वर्षांत कडा फुगतातच. ८ मिमीचा सिमेंट बोर्ड घ्या, नाहीतर एसीपी (अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) शीट. सिमेंट बोर्ड चौरस मीटरला १० ते १२ किलो भरतो, तेव्हा फ्रेम त्या हिशोबाने हवी. भिंतीवर दोन्ही बाजूंना २५ बाय २५ मिमीचा अॅल्युमिनियम अँगल, दर दोन फुटाला फिशर (स्क्रू धरायला भिंतीतल्या भोकात बसवायची प्लास्टिकची गुटी) आणि स्टेनलेसचा स्क्रू. नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू मारून भागत नाही, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. एक गरम, एक गार लाईन असेल तर आतून सहा इंच रुंद आणि साडेतीन-चार इंच खोल बॉक्स पुरतो. फोमला बोर्ड टेकता कामा नये, बोटभर जागा सगळीकडून ठेवा. ती जागा कॅनमधल्या पीयू फोमने भरू नका, उद्या पाईप काढायची वेळ आली तर सगळं खरवडून काढावं लागेल.

बोर्ड कापून झाला की लावायच्या आधी सहाही बाजूंनी प्राइमर मारा, विशेषतः कापलेल्या कडांना. कापताना मास्क लावा आणि शक्यतो ओला कापा, ती धूळ फुफ्फुसाला वाईट असते. आणि जुन्या बिल्डिंगच्या भिंतीवर पावसाच्या पाण्याचे करड्या रंगाचे जुने सिमेंटचे पाईप असतील तर त्यांना ग्राइंडर लावूच नका, त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते.

समोरचं पॅनेल चार-चार फुटांच्या तुकड्यांत करा आणि फक्त स्क्रूने लावा, चिकटवू नका. व्हॉल्व्ह जिथे असेल तिथे वेगळा छोटा दरवाजा ठेवा. बाजूच्या पट्ट्या आणि भिंत यांच्यामधली फट पीयू सीलंटने भरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि मग तिथे कायमची चकचकीत रेघ दिसते. वरचं तोंड म्हणजे बॉक्सचा जीव. तिथे भिंतीपासून बाहेर उतार दिलेली पत्र्याची टोपी लावा, टोपीची मागची कड भिंतीत ग्राइंडरने खाच मारून आत घाला आणि सील करा. खालचं तोंड मात्र अजिबात सील करायचं नाही. आत पाणी गेलं तर ते बाहेर यायला वाट पाहिजे, आणि गळती सुरू झाली तर खाली टिपकताना दिसली पाहिजे. खाली बारीक स्टेनलेसची जाळी लावा, म्हणजे उंदीर आणि खारी आत जात नाहीत, फोम कुरतडायला त्यांना फार आवडतं. वरच्या फटीही बघा, बंद कोरडी पोकळी दिसली की सातेरी माश्या तिथे पोळं करतात, आणि मग ते पोळं न दुखावता काढायचं म्हणजे माहितगार माणूस शोधावा लागतो.

बॉक्समध्ये काय घालायचं नाही

गॅसची पाईपलाईन कधीही बॉक्समध्ये घ्यायची नाही. पाईप गॅसचा पाईप हवेशीर उघडा असलाच पाहिजे, गळलेला गॅस बॉक्समध्ये साठला तर परिणाम काय होईल ते सांगायला नको. ती लाईन वाटेत येत असेल तर बॉक्स तिच्या अलीकडेच संपवा, लाईन सरकवायची असेल तर ते काम गॅस कंपनीचंच. सोलरचा व्हेंट पाईप, जो टाकीवरून उभा वर गेलेला असतो, त्याचं तोंडही बंद करायचं नाही, वाफ आणि हवा तिथूनच निघते. बिनप्रेशरच्या टाकीचा व्हेंट बुजवला तर टाकी फुगू शकते किंवा आत दबू शकते. विजेच्या वायर गरम पाईपासोबत एकाच बॉक्समध्ये नकोत, वेगळा पाईप टाका.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींसाठी उलटं काम. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गार पाण्याच्या लाईनीतूनच चटका बसणारं पाणी येतं. त्या लाईनीला हाच फोम, हीच बाही, फक्त बाहेरून रंग पांढरा हवा. पण गच्चीवरची काळी टाकी उन्हात तशीच असेल तर नुसत्या पाईपाने काही होणार नाही, आधी टाकीवर सावली करा, मग पाईप.

कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर पत्रा आणि साधे स्क्रू नकोत, खाऱ्या हवेत लवकर गंजतात. पीव्हीसीची बाही घ्या आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे मागा, ३०४ ला सुद्धा तिथे डाग पडतात. पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो म्हणून टोपी बाजूंनीही दोन इंच खाली उतरलेली ठेवा.

काम कधी करायचं? पाऊस संपून भिंत पूर्ण वाळली की, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ओल्या भिंतीवर सीलंट धरत नाही आणि ओल बॉक्सच्या आत कोंडली जाते. सोसायटीत राहत असाल तर बाहेरच्या भिंतीवर काहीही लावायच्या आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या, आणि शक्य असेल तर त्या बाजूचे सगळे फ्लॅटवाले मिळून एकच बॉक्स करा, दिसायलाही बरं आणि मचाणाचा खर्चही वाटला जातो. पहिल्या मजल्याच्या वरचं काम स्वतः शिडीवर चढून करू नका. माणूस लावला तरी सेफ्टी बेल्ट आणि पक्का दोर असल्याशिवाय त्याला कठड्यापलीकडे जाऊ देऊ नका, तो "रोजचंच आहे" म्हणाला तरी.

एकदा झालं की वर्षातून दोनदा बघायचं. मे अखेरीस पावसाच्या आधी टोपीचं सीलंट तपासा आणि चिरलं असेल तर खरवडून नवीन भरा, जुन्यावर थर चढवू नका. आणि दिवाळीच्या सुमारास एक तुकडा उघडून फोमला हात लावा. ओला लागला तर त्याच जागी पाणी शिरलंय असं नाही, वरून ओघळत आलेलं असतं, म्हणून पॅनेल वरच्या दिशेने एकेक उघडत जा आणि जिथे फोम पहिल्यांदा कोरडा लागेल त्याच्या जरा खालचा जॉइंट बघा.